ब्रिटनमध्ये नोकरी सोडताना: राजीनामा, शेवटचा हिशेब आणि कंपनीकडे असलेली तुमची माहिती

पुण्या-मुंबईत नोकरी सोडणाऱ्याचा जीव रिलीव्हिंग लेटरमध्ये अडकलेला असतो. ते मिळाले की सुटलो. ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच राजीनामा देणारी आपली मंडळी सवयीने तेच मागतात, आणि एचआरला हे नेमके काय मागताहेत ते कळत नाही. इथे त्या कागदाची प्रथाच नाही. नवी कंपनी विचारते ते पी45 (सोडताना मिळणारा पगार आणि कराचा कागद) आणि रेफरन्स (जुन्या कंपनीने तुमच्याबद्दल नव्या कंपनीला कळवलेली माहिती). मात्र आपल्याकडे अजून रुळलेला नाही असा एक हक्क इथे नोकरी सोडणाऱ्याच्या हातात असतो: कंपनीने तुमच्याबद्दल जे काही लिहून, साठवून, एकमेकांना पाठवून ठेवले आहे त्याची प्रत मागण्याचा. पी45 न मागता मिळतो. ही प्रत मात्र मागावी लागते, आणि कशी मागितली यावर हाती काय येते ते ठरते.

स्लाउ, रेडिंग, हाउन्स्लोकडचे आयटीवाले, एनएचएसमधल्या नर्सेस, केअर होममध्ये काम करणारे, अशा नव्याने आलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. नोकरीच्या कायद्याबद्दल जे लिहिले आहे ते इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडचा रोजगार कायदा वेगळा आहे, माहितीच्या हक्काचा कायदा मात्र तिथेही हाच.

पहिली पायरी: राजीनामा लिहिण्याआधी

आधी व्हिसा बघा. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर तुम्ही नोकरी सोडल्याचे कंपनीला दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला कळवावे लागते. त्यानंतर होम ऑफिस साधारणपणे व्हिसाची मुदत कमी करून 60 दिवसांवर आणते; मुळात त्याहून कमी दिवस उरले असतील तर तेवढेच मिळतात. हे दिवस तुमच्या कामाच्या शेवटच्या दिवसापासून नव्हे, होम ऑफिसच्या निर्णयापासून मोजले जातात. पण ते पत्र कधी येईल याच्या भरवशावर राहू नका. नवी नोकरी हातात असली तरी नव्या कंपनीचे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, नवा अर्ज आणि त्याची मंजुरी झाल्याशिवाय तिथे कामाला लागता येत नाही. म्हणून आधी मंजुरी, मग राजीनामा. हा क्रम कंटाळवाणा आहे, पण तो मोडू नये.

मग करारपत्र काढून नोटीस पिरियड वाचा. कायद्याने कर्मचाऱ्याने द्यायची किमान नोटीस फक्त एक आठवड्याची आहे, तीही नोकरीला महिना पूर्ण झाला असेल तर. पण करारात जास्त लिहिलेले असेल तर तेच धरायचे. बहुतेक ठिकाणी एक ते तीन महिने असतात.

भारतातल्या कंपनीने डेप्युटेशनवर पाठवले असेल तर दोन कागद समोर ठेवा: पुण्यातले किंवा बंगळुरूतले मूळ नियुक्तिपत्र आणि इथल्या शाखेचे असाइनमेंट लेटर. कोणती नोकरी सोडताय, इथली नेमणूक की मूळ नोकरीच, हे राजीनाम्यात स्पष्ट लिहायला हवे. नाहीतर नोटीस नव्वद दिवसांची की तीस, यावरच दोन महिने मेलामेली चालते.

तिसरे काम, स्वतःचे कागद उतरवून घेण्याचे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होते आणि त्याबरोबर पे-स्लिपचे पोर्टलही. सगळ्या पे-स्लिप, दरवर्षीचा पी60 (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), करारपत्र, पगारवाढीची पत्रे, रजेचा तक्ता, अप्रेझलचे अर्ज, पेन्शनची माहिती, एवढे स्वतःच्या मेलवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा; पेनड्राइव्हला कंपनीची बंदी असेल तर सरळ प्रिंट काढा. लॅपटॉपवर घरचे फोटो, पासपोर्टचे स्कॅन, उघडे राहिलेले व्हॉट्सॲप वेब असेल तर तेही आवरा.

पण इथेच थांबा. ‘पुढे पुरावा म्हणून लागेल’ असे म्हणत ऑफिसची मेलबॉक्स जीमेलवर ढकलू नका. त्यात ग्राहकांची, रुग्णांची, सहकाऱ्यांची माहिती असते. संस्थेच्या संमतीविना वैयक्तिक माहिती मिळवणे किंवा स्वतःकडे ठेवून घेणे हा 2018 च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम 170 खाली गुन्हा ठरू शकतो, आणि नोकरी सोडताना ग्राहकांच्या याद्या घेऊन गेलेल्यांवर या देशात खटले झालेले आहेत. तुमच्याबद्दलचे जे आहे ते पुढे रीतसर मागता येते. मागच्या दाराने नेण्याची गरजच नाही.

दुसरी पायरी: राजीनामा

लेखी द्या, तारीख घाला, शेवटचा दिवस कोणता ते लिहा, आणि पोचल्याचे उत्तर मागून घ्या. चार ओळी पुरतात. छळ, भेदभाव किंवा थकलेला पगार यामुळे सोडत असाल तर मात्र ते कारण एका वाक्यात नोंदवा. ‘कौटुंबिक कारणास्तव’ असे शिष्टाचाराने लिहून नंतर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, वेगळे सांगणे जड जाते. आपल्याकडे कटुता नको म्हणून गोड लिहायची पद्धत आहे. इथे ती महागात पडते.

दिलेला राजीनामा एकतर्फी मागे घेता येत नाही. भांडणाच्या भरात बोललेल्या शब्दांना कधीकधी सवलत मिळते, पण तो अपवाद. कंपनी नोटीसच्या काळात घरी बसायला सांगू शकते. त्याला गार्डन लीव्ह म्हणतात. त्यात पगार चालू असतो आणि तुम्ही अजून कर्मचारीच असता, त्यामुळे त्या काळात दुसरीकडे रुजू व्हायचे नाही.

तिसरी पायरी: पैशांचा हिशेब

न घेतलेल्या रजेचे पैसे मिळायलाच हवेत. कायद्याने वर्षाला 5.6 आठवडे भरपगारी रजा असते. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला 28 दिवस, आणि बँक हॉलिडे त्यातच धरायची कंपनीला मुभा आहे. समजा कंपनीचे रजेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे आणि तुम्ही 30 जूनला बाहेर पडलात. अर्ध्या वर्षाचे 14 दिवस झाले. बँक हॉलिडे धरून नऊ घेतले असतील तर पाच दिवसांचा पगार शेवटच्या पे-स्लिपवर वेगळा दिसला पाहिजे. करारात कायद्यापेक्षा जास्त रजा असेल तर त्या वरच्या दिवसांचा नियम करारात शोधावा लागतो.

पगारातून कापाकापी करायची तर कायद्याची परवानगी, करारातले कलम किंवा तुमची आधी दिलेली लेखी संमती लागते. केअर क्षेत्रात आणि नर्सिंगमध्ये ‘प्रशिक्षणाचे पैसे परत करा’ ही धमकी फार ऐकू येते. लेखी कलम नसेल तर ते पैसे पगारातून कापता येत नाहीत. कलम असेल तरी रकमेचा तपशील मागा. इमिग्रेशन स्किल्स चार्ज नावाची रक्कम कंपनीनेच भरायची असते, ती तुमच्याकडून वसूल करायला बंदी आहे. स्किल्ड वर्करच्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपच्या शुल्कालाही 31 डिसेंबर 2024 पासून तोच नियम आहे. ‘व्हिसाचा खर्च’ असा एकगठ्ठा आकडा दाखवला गेला तर तो फोडून मागायचा तो यासाठीच.

पी45 वर तुमचा टॅक्स कोड, वर्षात आतापर्यंतचा पगार आणि कापलेला कर असतो. तो नव्या कंपनीला दिला नाही तर बहुतेकदा काही महिने इमर्जन्सी टॅक्स कोडने जास्त कर कापला जातो. पैसे परत मिळतात, पण वाट बघावी लागते. पी45 यायला उशीर झाला तर नव्या कंपनीचा स्टार्टर चेकलिस्ट भरून काम भागते.

वर्कप्लेस पेन्शनला पीएफ समजू नका. त्यात भरलेले पैसे तुमचेच राहतात, कंपनीचा वाटाही तुमचाच. पण भारतात परत चाललो म्हणून काढता येत नाहीत. सध्या 55 व्या वर्षी हात लावता येतो, 6 एप्रिल 2028 पासून 57 व्या. पेन्शन कंपनीकडे खासगी मेल आणि भारतातला पत्ता नोंदवून ठेवा.

आता रेफरन्स. बहुतेक क्षेत्रांत तो देण्याचे कंपनीवर बंधन नाही. दिला तर खरा आणि रास्त असावा लागतो. हल्ली बहुतेक कंपन्या फक्त तारखा आणि पद कळवतात, त्यावरून नाराज होऊ नका. ती वैरभावाची खूण नाही.

चौथी पायरी: माहिती मागणे

या हक्काला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, बोलण्यात ‘सार’. यूके जीडीपीआर, म्हणजे ब्रिटनचा माहिती संरक्षणाचा कायदा, त्याच्या अनुच्छेद 15 मध्ये तो आहे. विहित अर्ज नाही, फी नाही, कारण सांगावे लागत नाही. तोंडी मागितला तरी चालतो, कंपनीतल्या कोणाकडेही मागितला तरी चालतो. तरीही मेलच करा, कारण तारीख सिद्ध करायची वेळ आली तर मेल उपयोगी पडते. मेल एचआरला आणि डेटा प्रोटेक्शन ऑफिसरला करा. त्याचा पत्ता कंपनीच्या प्रायव्हसी नोटीसमध्ये असतो. माहिती आयुक्तांच्या कार्यालयात, म्हणजे आयसीओकडे, माहिती हाताळणाऱ्या संस्थांची सार्वजनिक नोंदवही आहे; तिथे कंपनीचे कायदेशीर नाव मिळते.

डेप्युटेशनवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमची एचआर फाइल हिंजवडीतल्या सर्व्हरवर असली तरी माहितीची ती हाताळणी ब्रिटनमधल्या शाखेच्या कामकाजाच्या ओघात होत असेल तर हाच कायदा लागू होतो. सर्व्हर कुठे आहे याने फरक पडत नाही. म्हणून मागणी इथल्या कंपनीच्या नावे करा आणि ‘भारतातल्या कार्यालयांनी तुमच्या वतीने ठेवलेल्या नोंदींसह’ असे शब्द घाला. ‘फाइल इंडिया टीमकडे आहे’ हे उत्तर मग पुरेसे ठरत नाही.

केव्हा मागायचे? नोकरीत असतानाही मागता येते, सोडल्यावरही. माझे मत: काही वाद असेल तर नोटीसच्या काळातच मागा. पगाराच्या कर-नोंदी कंपनीला त्या करवर्षानंतर तीन वर्षे ठेवाव्या लागतात, पण सीसीटीव्हीचे चित्रण बऱ्याच ठिकाणी महिनाभरात पुसले जाते आणि सोडून गेलेल्याची मेलबॉक्स काही काळाने बंद होते. मागणी पोचल्यावर ती माहिती देण्याचे टाळण्यासाठी पुसणे किंवा बदलणे हा 2018 च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम 173 खाली गुन्हा आहे. मागणीच्या आधी ठरल्या वेळापत्रकाने पुसली गेली तर मात्र कोणाला बोलता येत नाही.

आणि काय मागायचे? सगळ्यात जास्त गडबड इथे होते. ‘माझ्याबद्दलची सगळी माहिती द्या’ असे लिहायचा तुम्हाला हक्क आहे, पण त्यातून दोनच गोष्टी निघतात. एक तर कंपनी ‘नेमके काय हवे ते सांगा’ असे विचारते, आणि माहितीचा साठा मोठा असेल तर तुमचे उत्तर येईपर्यंत मुदतीचा काटा थांबतो. नाहीतर हजारभर पानांचा ढिगारा येतो. त्यात कॅन्टीनच्या मेनूच्या मेलवर तुमचे नाव असते आणि हवा तो कागद सापडत नाही. कंपनीने ‘रास्त आणि प्रमाणशीर’ शोध घ्यावा एवढीच अपेक्षा आहे, असे 2025 च्या डेटा यूज अँड ॲक्सेस ॲक्टमध्येही लिहिले गेले. तेव्हा शोध कुठे घ्यायचा ते तुम्हीच दाखवून दिलेले बरे. मेल इंग्रजीत जाणार, पण मजकूर साधारण असा असावा:

“मी आपल्या कंपनीत एप्रिल 2023 ते जून 2025 या काळात अमुक पदावर काम केले, कर्मचारी क्रमांक अमुक. यूके जीडीपीआरच्या अनुच्छेद 15 नुसार मला माझी पुढील वैयक्तिक माहिती हवी आहे: एचआर फाइल, 2024 आणि 2025 च्या अप्रेझलच्या नोंदी आणि गुण ठरवतानाची टिपणे, आजारपणाच्या रजेच्या नोंदी आणि ऑक्युपेशनल हेल्थचे अहवाल, 1 जानेवारी ते 30 जून 2025 या काळात माझे लाइन मॅनेजर, त्यांचे वरिष्ठ आणि एचआर यांच्यात माझ्याबद्दल झालेले मेल आणि टीम्सवरचे संदेश, 12 मेच्या बैठकीची टिपणे किंवा ध्वनिमुद्रण. शोधताना माझे पूर्ण नाव, आद्याक्षरे आणि ऑफिसात वापरले जाणारे छोटे नाव, तिन्ही वापरावीत. ही माहिती कोणाकोणाला दिली आणि किती काळ ठेवणार आहात तेही कळवावे. उत्तर या मेलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवावे.”

नावांचे ते वाक्य गाळू नका. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंग दहा तऱ्हेने होतात आणि ज्ञानेश्वरचा ‘डॅन’ झालेला असतो. शोध फक्त पासपोर्टवरच्या नावाने घेतला तर अर्धे संदेश निसटतात. मॅनेजरने कामाबद्दल खासगी फोनवरून व्हॉट्सॲप केले असेल तर तेही मागा. कंपनीच्या कामासाठी वापर झाला असेल तर तो फोनही शोधात येऊ शकतो.

मेल एचआरकडे आधीपासून नोंदवलेल्या खासगी पत्त्यावरून पाठवा. अनोळखी पत्त्यावरून गेला तर ओळख पटवायला कागद मागतात, आणि ते पोचेपर्यंत मुदत सुरू होत नाही.

पाचवी पायरी: मुदत

कंपनीला एक कॅलेंडर महिना असतो. 3 सप्टेंबरला मागणी पोचली तर 3 ऑक्टोबरपर्यंत उत्तर. 31 मार्चला पोचली तर 30 एप्रिल. शेवटचा दिवस शनिवार-रविवार किंवा बँक हॉलिडे असेल तर पुढचा कामाचा दिवस. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसे कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. एचआरमधली व्यक्ती रजेवर आहे, हे कारण त्यात बसत नाही.

‘तुम्हाला ट्रायब्युनलसाठी माहिती हवी आहे म्हणून देत नाही’ असे उत्तर आले तर ते चुकीचे आहे. मागण्यामागे दुसरा हेतू आहे एवढ्यावरून हक्क जात नाही, हे अपील न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ‘इतके पैसे द्या, मग मागणी मागे घेतो’ असे कधीही लिहू नका. तशी मागणी उघडपणे निराधार ठरवून नाकारायला ते वाक्यच पुरते.

सहावी पायरी: आलेले वाचणे

पीडीएफ उघडल्यावर काळ्या पट्ट्या दिसतील. दचकू नका. हक्क माहितीचा आहे, अख्ख्या कागदाचा नाही. दुसऱ्याबद्दलचा मजकूर झाकायला कंपनीला वाव आहे. तुम्ही ज्या मेलवर फक्त ‘सीसी’त होता तो तुमची वैयक्तिक माहिती असेलच असे नाही. वकिलाशी झालेला गोपनीय सल्ला मिळत नाही. गोपनीय म्हणून दिलेला रेफरन्सही मिळत नाही, ना जुन्या कंपनीकडून ना नव्या. तुमच्याशी चाललेल्या तडजोडीत आपण कुठवर जाणार याची कंपनीने केलेली टिपणेही, त्या बोलण्याला बाधा येत असेल तोवर, रोखता येतात.

मग वाचायचे काय? आधी तारखांची एक यादी करा आणि आलेले कागद तिच्यावर मांडा. बैठक झाली तो दिवस, तक्रार केली तो दिवस, अप्रेझलचा गुण बदलला तो दिवस. जिथे काहीतरी असायलाच हवे होते आणि तिथे रिकामे आहे, ती जागा पकडा. मग नेमके लिहा: ‘14 मेच्या मेलमध्ये एका जोडपत्राचा उल्लेख आहे, ते यात नाही.’ अशा मेलला बहुतेकदा उत्तर येते. ‘माहिती अपुरी आहे’ या मेलला येत नाही.

चुकीची नोंद सापडली, उदाहरणार्थ रजेचे दिवस किंवा सोडण्याचे कारण, तर ती दुरुस्त करून मागता येते. मॅनेजरचे मत मात्र मत म्हणूनच राहते. फार तर तुमचे म्हणणे त्याला जोडून घेता येते.

सातवी पायरी: उत्तर आलेच नाही तर

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. आयसीओ आधी तेच विचारते. त्यानंतरही हलले नाही तर आयसीओकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शेवटच्या अर्थपूर्ण पत्रव्यवहारापासून तीन महिन्यांच्या आत गेलेले बरे. आयसीओ कंपनीला कान धरून सांगू शकते, पण तुम्हाला नुकसानभरपाई मिळवून देत नाही. त्यासाठी आणि माहिती देण्याच्या आदेशासाठी न्यायालय आहे, आणि तिथे खर्चाचा विचार आधी करावा लागतो.

या सगळ्यात एक सापळा आहे. थकलेला पगार, भेदभाव, छळामुळे सोडावी लागलेली नोकरी, असल्या तक्रारींची मुदत आणि माहितीच्या मागणीची मुदत यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलची मुदत घटनेपासून तीन महिने वजा एक दिवस अशी चालत आली आहे. ती सहा महिन्यांची करण्याची तरतूद 2025 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये आहे, तरी हिशेब तीनचाच ठेवा. ट्रायब्युनलआधी एकॅस या संस्थेला कळवणे सक्तीचे आहे. त्यांची समेटाची सेवा फुकट असते आणि तिच्या काळापुरता ट्रायब्युनलचा काटा थांबतो. माहितीच्या मागणीने तो थांबत नाही. कंपनीने महिना घेतला, मग दोन महिने वाढवून घेतले, की तुमचे तीन महिने तिथेच संपले. ‘कागद आले की बघू’ म्हणून थांबू नका. एकॅसला आधी कळवा. कागद ट्रायब्युनलमध्ये पुढेही मागवता येतात.

उत्तर आयर्लंडमध्ये एकॅसच्या जागी लेबर रिलेशन्स एजन्सी आहे. फुकट सल्ल्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस आणि तुम्ही सभासद असाल तर तुमची युनियन. कंपनीने तडजोडीचा करार पुढे केला तर सही करण्याआधी स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेणे कायद्यानेच आवश्यक आहे, त्याशिवाय तुमचे कायदेशीर दावे सोडल्याचे कलम टिकत नाही. त्याची फी बहुतेकदा कंपनी देते. त्यात ‘माहितीची मागणी मागे घेतली’ असे वाक्य आहे का ते बघा.

भारतात परतल्यावर

माहितीचा हक्क नागरिकत्वावर किंवा व्हिसावर अवलंबून नाही. नाशिकला बसूनही ही मागणी करता येते, मुदत तीच. उलट दिशेने मात्र एवढे सोपे नाही. भारताच्या 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, पण माहिती मागण्याचा हक्क त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायचा आहे. शिवाय त्या कायद्यातला हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरता लिहिलेला आहे, तर नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही माहिती संमतीशिवायही वापरता येते. म्हणून डेप्युटेशन संपवून परतणार असाल तर ब्रिटनमधल्या कंपनीकडची मागणी विमानात बसायच्या आधी पाठवा, आणि उत्तरासाठी ऑफिसचा नव्हे, स्वतःचा मेल द्या.